पूजेतला कीबोर्ड

श्रीनिवासराव खांबेट्यांनी माउसला आयुष्यात कधी आपलं म्हटलं नाही. ऑफिसात त्यांच्या टेबलावर तो होता, नाही असं नाही, पण कागद उडू नयेत म्हणून. माणूस शिकला तो काळ्या पडद्यावर. चित्र नाही, बटण नाही, नुसती पांढरी अक्षरं. आपण हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, आणि लांब कुठेतरी बसलेल्या मशीनने तो मुकाट्याने पाळायचा. या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात, आणि श्रीनिवासरावांचा सगळा जीव त्याच्यात.

आणि ब्राउझर? तो पेपर वाचायला आणि ट्रेनची तिकिटं काढायला. त्यात काम करता येतं असं कुणी म्हणालं की ते चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे इतक्या दयेने बघत, की तो बिचारा आपण होऊन विषय बदलायचा.

इंग्लंडातल्या ब्रॅकनेल गावच्या एका कंपनीत श्रीनिवासराव दुसऱ्यांचे सर्व्हर, म्हणजे दिवसरात्र चालणारी मोठी मशीन्स, सांभाळत. अख्खं ऑफिस त्यांना ‘काका’ म्हणायचं, आणि ती करणी उर्वीची. उर्वी साउथहॅम्प्टनला जन्मली, तिथेच वाढली. तिचं मराठी असं, की तिच्या तोंडी चहा कधी थंड झाला नाही, थंड ‘झाली’. पण आईने एक गोष्ट तिला पक्की पढवली होती: आपल्यातल्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. तेव्हा नोकरीला लागल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये ती सगळ्यांदेखत "काका, कॅन आय आस्क समथिंग?" म्हणाली. ग्रॅहमला, म्हणजे त्यांच्या साहेबाला, वाटलं, हेच यांचं लाडाचं नाव. झालं! दुसऱ्या दिवसापासून ग्रॅहमपासून रिसेप्शनवरच्या बाईपर्यंत सगळे "मॉर्निंग, काका" करायला लागले. श्रीनिवासरावांनी एकदा त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं.

पण हे सगळं कौतुक सोमवार ते शुक्रवार. घर साउथहॅम्प्टनला. त्यांची बायको अलकाताई तिथल्या हॉस्पिटलात भूल द्यायच्या डॉक्टर, त्यांची नोकरी काही हलणारी नव्हती. श्रीनिवासरावांना सकाळी सहाला मशीन रूममध्ये हजर व्हावं लागे. सुरुवातीला ते रोज गाडीने जाऊन येऊन करत. मग एका पहाटे एम-थ्री हमरस्त्यावर स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि गाडी कडेच्या गवतात जाऊन थांबली. काही झालं नाही, पण अलकाताईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं: "ब्रॅकनेलला खोली घ्या. मला नवरा आठवड्यातून दोनच दिवस मिळाला तरी चालेल, पण अख्खा पाहिजे."

खोली घेतली. मुलगा अर्जुन शाळेत होता तोवर घराला जाग होती. तो केंब्रिजला शिकायला गेला आणि घर एकदम गप्प झालं. एका संध्याकाळी फोनवर, भाजी काय केली, बॉयलरवाला आला का, असं सगळं बोलून झाल्यावर अलकाताई म्हणाल्या, "अहो, मला ना, रिकाम्या घराचं कुलूप उघडायचा कंटाळा आलाय." एवढंच.

श्रीनिवासरावांनी दोनदा घरी परत यायचं ठरवलंही होतं. एकदा साउथहॅम्प्टनमध्येच नोकरी मिळणार होती, एकदा कंपनीच तिकडे शाखा काढणार होती. दोन्ही वेळा अलकाताईंनी मागची खोली त्यांच्या कामासाठी रिकामी केली. शिलाई मशीन वर नेलं, अर्जुनची गिटार वर नेली, टेबल पुसून ठेवलं. दोन्ही वेळा बेत फिसकटला, आणि त्यांनी एक अक्षर न बोलता सगळं परत खाली आणून ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर श्रीनिवासरावांना बरं वाटलं असतं.

अशात त्या सप्टेंबरात ग्रॅहमने जाहीर केलं की मशीन रूम बंद होणार. सगळी मशीन्स दुसरीकडे मोठ्या जागी जातील, रोज सहाला कुणी यायची गरज नाही. "घरून काम करा, माझी ना नाही," तो म्हणाला. "पण घरच्या कॉम्प्युटरवर कंपनीचं काही म्हणजे काही चढवायचं नाही. सिक्युरिटीवाले मला फाडून खातील. ब्राउझरमधून होईल तेवढंच."

आता ब्राउझरमधून सर्व्हर कसे सांभाळणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. आणि उर्वी उठून म्हणाली, "ते मी केली आहे."

तिने खरंच केलं होतं. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, पासवर्ड द्यायचा, की त्या पानाच्या मधोमध काळा चौकोन. त्या चौकोनात टाइप करा, लांबचं मशीन ऐकतं. म्हणजे थेट काकांचा काळा पडदा, फक्त वेबच्या पानात आणून बसवलेला. दुपारचं सँडविच खाता खाता तिने महिनोन् महिने त्याच्यावर काम केलं होतं, कुणाला न सांगता. ग्रॅहम तर खूश झाला. "काकाला एक अख्खा दिवस घरून यावर काम करू दे," तो म्हणाला. "तो हो म्हणाला तर सगळ्यांना परवानगी. तो नाही म्हणाला तर मी कुठल्या तोंडाने परवानगी देऊ?"

बघा म्हणजे! ज्या माणसाला घरी जायची सगळ्यात जास्त तळमळ, त्याच्याच एका शब्दावर सगळं अडलं. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून हो म्हणाला असता. पण श्रीनिवासराव पडले श्रीनिवासराव. काम चोख नसेल तर ते बायकोसाठीसुद्धा चोख म्हणणार नव्हते.

घरी न्यायच्या आधी ऑफिसात बघू म्हणून ते बसले. उर्वी शेजारी श्वास रोखून उभी. पहिल्याच मिनिटाला त्यांचं एक अक्षर चुकलं, त्यांनी बॅकस्पेस दाबली, आणि ब्राउझर सरळ मागच्या पानावर गेला. "हे काय!" उर्वीने जीभ चावली आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करून आणलं. मग दुसरी भानगड. श्रीनिवासरावांची जुनी सवय अशी, की शब्द चुकला की डाव्या करंगळीने कंट्रोलचं बटण धरायचं आणि डब्ल्यू दाबायचा. काळ्या पडद्यावर त्याने शेवटचा शब्द पुसला जातो. ब्राउझरला मात्र त्याच दोन बटणांनी एवढंच कळतं, की खिडकी बंद करा. टप्! काळा चौकोन गेला, पान गेलं, समोर डेस्कटॉपवर कंपनीचं निळं चित्र.

"ती दोन बटणं ब्राउझर मला देतच नाही, काका," उर्वी कळवळून म्हणाली. "तो स्वतःकडे ठेवतो. पण तुम्ही परत उघडून तर बघा, मी त्यात…"

कोण ऐकतंय! श्रीनिवासरावांना राग आला की ते बोलत नसत, उठून चहा करायला जात. ते कधीच केटलपाशी पोचले होते. असं त्या आठवड्यात चार-पाचदा झालं. खिडकी मिटली की काका उठले, काका उठले की केटल चालू. डिपार्टमेंटला इतका चहा आजवर कधी मिळाला नव्हता.

"खेळणं छान आहे," ते शेवटी उर्वीला म्हणाले. "पण काम करता करता पायाखालची सतरंजी ओढली तर माणसाने करायचं काय?" पोरीचे डोळे भरून आले. तेही त्यांना बघवेना. "घरी बघतो एक दिवस," ते पुटपुटले. ग्रॅहमने लगेच दिवस ठरवून टाकला: येता गुरुवार.

गुरुवारी दसरा होता. श्रीनिवासरावांना ते बुधवारी संध्याकाळी घरी पोचल्यावर कळलं. मधल्या वारी नवरा दारात बघून अलकाताई चकित झाल्या. "अहो, आज कसे?" श्रीनिवासराव खरं बोलणार होते, अगदी ओठांवर होतं. पण मागच्या खोलीचं दार उघडं होतं, शिलाई मशीन दिसत होतं, आणि त्यांची हिंमत गेली. "रजा घेतली," ते म्हणाले. "दसरा आहे ना उद्या."

अलकाताईंचा चेहरा असा उजळला की श्रीनिवासरावांना स्वतःची लाज वाटली. किती वर्षांनी हा माणूस सणासाठी रजा टाकून घरी आला होता! त्यांनी लगेच दही फडक्यात बांधून सिंकवरच्या नळाला टांगलं. उद्या श्रीखंड होणार होतं.

आता दसऱ्याला आपल्यात हत्यारांची पूजा. ज्याच्यावर पोट चालतं, जे रोज राबतं, त्याला हळदकुंकू वाहायचं, फूल वाहायचं, आणि त्या दिवशी विश्रांती द्यायची. अलकाताई यात कडक. म्हणजे त्यांच्या सोयीने कडक. गाडीला हार घालून त्याच गाडीने ड्यूटीला जायचं, स्टेथोस्कोपला कुंकू लावून तोच गळ्यात घालायचा, कारण पेशंटला काय सांगणार, आज सण आहे म्हणून? पण घरातल्या बाकी मंडळींना, म्हणजे शिलाई मशीन, मिक्सर आणि मागच्या खोलीतला कॉम्प्युटर यांना, संध्याकाळपर्यंत कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. सकाळी श्रीनिवासराव वर दाढी करत होते तेव्हा खालून आवाज आला, "अहो, पूजा झालीय, कशाला हात लावू नका! निघते मी!" तोंडाला साबण होता. ते "हूं" म्हणाले.

नऊला पाच कमी असताना कॉफीचा मग घेऊन ते खाली आले आणि दारातच थबकले. कॉम्प्युटर सजून बसला होता. मॉनिटरला कुंडीतल्या झेंडूचा भरगच्च हार, पुढे उदबत्ती विझून गेलेली, कीबोर्डवर लाल अक्षता, आणि डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर हळदकुंकवाची दोन बोटं. "अरे देवा," श्रीनिवासराव म्हणाले. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण अलकाताईंवर पूर्ण होता.

फोन करावा तर त्या ऑपरेशन थिएटरात. न करावा तर ग्रॅहम आणि उर्वी तिकडे वाट बघत बसलेले. बरं, हार काढावा तर तो परत तसाच घालता येईल याची खात्री नाही. शेवटी त्यांनी चोरासारखा विचार केला: काही म्हणजे काही हलवायचंच नाही. हार तिथेच, अक्षता तिथेच, कीबोर्ड तिळभर सरकवायचा नाही. ज्या बटणांवर अक्षता होत्या तेवढ्यांवरून हलकी फुंकर मारली, आणि मनातल्या मनात क्षमा मागून कॉम्प्युटर चालू केला.

हार पडद्याच्या वरच्या ओळींवर लोंबत होता. एक ओळ वाचायची तर खाली वाकून झेंडूंच्या आतून बघावं लागे. मधेच एखादी पाकळी डब्ल्यूवर पडे. तरी काम सुरू झालं. आणि पहिल्याच चुकीला सवयीने डावी करंगळी कंट्रोलवर गेली, डब्ल्यू दाबला गेला, आणि श्रीनिवासरावांनी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. डोळे उघडले तर खिडकी जागच्या जागी, फक्त शब्दाच्या शेपटीला एक डब्ल्यू चिकटलेला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावं कंट्रोल निकामी, उजवं मात्र ठणठणीत. श्रीनिवासराव खुर्चीत मागे रेलले. पोरीने डाव्या कंट्रोलचं तोंडच बांधलंय! ब्राउझरपर्यंत पोचूच देत नाही, आणि कामासाठी उजवं मोकळं ठेवलंय. काय डोकं आहे!

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं मशीनच्या चुका काढणाऱ्या माणसाला कीबोर्ड उचलून बघायचं सुचू नये? नाहीच सुचलं. पूजेतली वस्तू उचलायची नसते.

दुपारी परीक्षेचा प्रसंग आला. कंटेनर हलवणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरची जागा भरत आली, आता थोड्या वेळात तो बंद पडणार. जुन्या फायली पुसायच्या, पण नेमक्या जुन्याच. नाव चुकलं तर आजचा सगळा हिशेब पुसला जायचा. श्रीनिवासराव झेंडूंत डोकं घालून एकेक अक्षर टाइप करत होते. आणि नेमकं नाव चुकलं. करंगळी गेलीच. एक डब्ल्यू उमटला, खिडकी हलली नाही. त्यांनी शांतपणे तो पुसला, नाव नीट केलं, आणि एंटर दाबलं. सर्व्हरला जागा झाली. श्रीनिवासरावांचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी उर्वीला फोन लावला. "उर्वी, जमलं तुला! ते डाव्या कंट्रोलचं काम फार सुरेख केलंस."

"काका, मी त्यात काही केली नाही," उर्वी गोंधळून म्हणाली.

"असू दे, असू दे," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांना तो विनय वाटला. एवढ्या चांगल्या घरची मुलगी, स्वतःच्या तोंडाने कशी सांगेल? चारला त्यांनी ग्रॅहमला फोन करून सांगितलं, "इट विल डू." काकांच्या तोंडी ‘चालेल’ म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडी बँडबाजा. ग्रॅहमने पलीकडे टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. श्रीनिवासरावांनी झटकन मॉनिटर बंद केला, हाराची एक बाजू वर सारली आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पेपर घेऊन बसले. कुलपात किल्ली फिरली. नवरा घरात आहे हे ठाऊक असून अलकाताईंनी बेल वाजवली नव्हती. दार उघडून त्या आत आल्या आणि सोफ्यावर माणूस बघून दचकल्याच. मग हसल्या. "सवयच नाही हो राहिली घरात कुणी असायची." त्या सहज म्हणाल्या, पण श्रीनिवासरावांना ते लागलं.

"अहो, तुमच्या कानाला काय लागलंय?"

"कुठे? काही नाही."

"कुंकू आहे ते." अलकाताईंनी पिशवी खाली ठेवली. दिवसभर बेशुद्ध माणसांकडे डोळ्यांत तेल घालून बघणारी बाई ती, तिच्यापुढे शुद्धीतल्या माणसाचा काय निभाव लागणार! "डावा हात दाखवा. करंगळी."

करंगळी लालभडक होती. श्रीनिवासरावांनी पेपर खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. रजा नव्हती, चाचणी होती. उर्वीचा चौकोन, ग्रॅहमची अट, सगळं.

अलकाताई अंगातल्या कोटासकट सोफ्याच्या हातावर बसल्या. "म्हणजे दसऱ्यासाठी नव्हता आलात."

"नाही."

"आणि मी वेड्यासारखी दही टांगून बसले."

"तुला पुन्हा ती खोली रिकामी करायला लावायची नव्हती मला," श्रीनिवासराव म्हणाले. "दोनदा केलीस, दोनदा भरलीस. एकदाही काही बोलली नाहीस. मला ते बघवलं नाही, अलका. पक्कं झाल्याशिवाय सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. आता झालंय पक्कं. ग्रॅहम हो म्हणाला."

अलकाताईंनी कोट काढून सोफ्यावर टाकला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, कपबशांचा आवाज आला, आणि चहाचे दोन मग घेऊन त्या परत आल्या. एक त्यांच्या हातात दिला. "चला, दाखवा तरी काय ते. लोक दसऱ्याला सीमोल्लंघन करायला घराबाहेर पडतात. आमच्याकडे घरात यायला एवढा खटाटोप!"

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी झेंडूंमधून वाकून बघितलं मात्र, आणि त्यांना हसूच आवरेना. "दिवसभर असे बसलात? फुलांत डोकं घालून?" श्रीनिवासराव उर्वीची करामत दाखवू लागले. "हे बघ. डावं कंट्रोल चालतच नाही. असं बांधून ठेवलंय तिने."

अलकाताईंनी बटणाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "तिने नाही. मी." त्यांनी कीबोर्ड सरळ उचलला, पूजा त्यांचीच होती, त्यांना कोण बोलणार! तो पालथा करून टेबलावर दोनदा आपटला. अक्षता भुरभुरल्या, आणि शेवटी डाव्या कंट्रोलच्या खालून एक लाल तांदळाचा दाणा टपकन बाहेर आला.

श्रीनिवासराव दाण्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कीबोर्ड सुलटा ठेवून डावं कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं. टप्. खिडकी गेली.

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "मी ग्रॅहमला शब्द दिलाय," ते म्हणाले. "एका दाण्याच्या भरवशावर. आता उद्या फोन करून नाही म्हणावं लागणार." अलकाताईंनी मागच्या खोलीभर नजर फिरवली आणि चहाचा घोट घेतला.

एरवी या घडीला श्रीनिवासराव उठून चहा करायला गेले असते. पण चहा हातातच होता, आणि दाराच्या वाटेत अलकाताई खुर्ची टाकून बसल्या होत्या. उठून जायला जागाच नव्हती.

"परत उघडा ना," अलकाताई म्हणाल्या.

"काय उपयोग? केलेलं सगळं गेलं."

"अहो, उघडा तर."

बायकोची आज्ञा म्हणून त्यांनी पान उघडलं, पासवर्ड दिला. काळा चौकोन आला. आणि त्यात सगळं होतं. दुपारी पुसलेल्या फायलींची नावं, मधले हुकूम, अगदी शेवटी अर्धवट टाइप केलेला शब्दसुद्धा, आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. जिथे सोडलं होतं, तिथेच.

श्रीनिवासरावांना उर्वीचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं. ‘परत उघडून तर बघा, मी त्यात…’ पोरगी रोज सांगत होती, रोज! आणि हे केटलकडे धावत होते. खिडकी मिटली तरी काम तिकडे सर्व्हरवर जिवंत ठेवायची सोय तिने पहिल्या दिवसापासून केली होती. ती बघायला यांनी एकदाही पुन्हा दार उघडलं नव्हतं.

"म्हणजे," अलकाताई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही रागाने बंद करून निघून गेलात, तरी हे आपलं तिकडे होतं तिथेच वाट बघत बसतं?"

"हो."

"माझ्यासारखं."

त्या हसत म्हणाल्या, पण श्रीनिवासरावांना हसता आलं नाही. त्यांनी चहाचा मग खाली ठेवला आणि बायकोचा हात हातात घेतला. करंगळीचं कुंकू अलकाताईंच्या मनगटाला लागलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. असं ते सहसा म्हणत नसत.

मग त्यांनी उर्वीला पुन्हा फोन लावला. "उर्वी, दुपारी मी तुझं कौतुक चुकीच्या गोष्टीसाठी केलं."

"कुठल्या, काका?"

"तांदळाच्या. ते तुला नंतर सांगतो. आता बरोबर गोष्टीसाठी करतो, ऐक." आणि माणूस दोन मिनिटं सलग कुणाचं तरी कौतुक करत बोलला. पलीकडे उर्वीने नाक ओढल्याचा आवाज आला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "थँक यू, काका. माझी दसरा छान झाली."

अलकाताईंनी तो दाणा उचलून मॉनिटरवर ठेवला. "असू दे इथे," त्या म्हणाल्या. "पुन्हा सवयीवर गेलात तर परत घालीन आत." मग दोघांनी बसून श्रीखंड घोटलं. शिलाई मशीन वर न्यायला श्रीनिवासरावांनी या वेळी स्वतः हात लावला, कारण अलकाताईंची पाठ दुखायची, आणि शिवाय तोवर संध्याकाळ झाली होती, पूजा संपली होती.

मशीन रूम खरोखर बंद झाली त्यानंतरचा पहिला सोमवार. अलकाताई ड्यूटीवरून आल्या, गाडी लावली, खांद्यावरची पिशवी सावरत दाराशी आल्या आणि सवयीने किल्ली काढून कुलपाकडे नेली. किल्ली लागायच्या आत दार आतून उघडलं. श्रीनिवासरावांनी खिडकीतून गाडी बघितली होती. ते स्वेटर घालून दारात उभे होते, मागून फोडणीचा वास येत होता, जरा जळल्याचासुद्धा.

अलकाताईंचा किल्लीचा हात तसाच हवेत राहिला.

"अहो, काय हे!" त्या म्हणाल्या. "बेल तरी वाजवू द्यायची होतीत. इतक्या वर्षांत मला एकदा स्वतःच्या घराची बेल वाजवायची होती."

"मग वाजव ना," श्रीनिवासराव म्हणाले, आणि त्यांनी तोंडावर दार लावून घेतलं.

आतल्या पायपुसण्यावर ते तसेच उभे राहिले. बाहेर क्षणभर शांतता होती. किल्ली पिशवीत टाकल्याचा आवाज आला. मग बेल वाजली, चांगली लांबलचक, आणि त्यांनी दार परत उघडलं.